क्रम आणि कान
घरच्या घरी गिटार शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची प्रस्तावना

इंटरनेटवर बघून गिटार शिकता येते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्यांत नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली मुलं असतात, त्यांच्या आया असतात आणि नोकरीत राहून गेलेली हौस निवृत्तीनंतर पुरी करायला निघालेले काकाही असतात. सगळ्यांना माझं उत्तर एकच आहे: येते, आणि चांगली येते. गिटार शिकणाऱ्याची इतकी सोय याआधी कधीच नव्हती. मात्र या सोयीत दोन गोष्टी मिळत नाहीत, आणि त्या मिळाल्या नाहीत म्हणूनच बहुतेक गिटारी वर्षाच्या आत कपाटावर जाऊन बसतात. पहिली गोष्ट क्रम. आज काय करायचं, पुढच्या महिन्यात काय करायचं आणि कशाला सध्या हातही लावायचा नाही, हे ठरलेलं असणं. दुसरी गोष्ट, आपलं वाजवणं ऐकणारा कान. हे पुस्तक या दोन गोष्टींसाठी लिहिलं आहे. व्हिडिओ बघू नका असं ते सांगत नाही. ते व्हिडिओंच्या सोबतीने वापरायचं आहे.

समोर गुरू नसताना तारवाद्य शिकायची धडपड काही आजची नाही. १५३६ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात लुईस मिलान याने ‘एल माएस्त्रो’ नावाचं पुस्तक छापलं. ते विहुएला या वाद्यासाठी होतं. विहुएलाचा आकार गिटारसारखा, आणि तिला तारांच्या सहा जोड्या. मिलानने सोप्या रचना आधी आणि अवघड नंतर अशी मांडणी केली. स्वर लिहायला त्याने सहा आडव्या रेघा घेतल्या. एक रेघ म्हणजे एक तार, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं ते. त्या काळच्या इतर स्पॅनिश पुस्तकांत सगळ्यात वरची रेघ खर्जाच्या तारेची असे. मिलानने वरची रेघ सगळ्यात उंच स्वराच्या तारेला दिली. आज गिटार वाजवणारी मुलं मोबाइलवर ज्याला ‘टॅब’ म्हणतात, त्याची मांडणी हीच आहे. पुढे १५९६ साली बार्सिलोनात जोआन कार्लेस आमात या वैद्याचं छोटेखानी पुस्तक निघालं. त्यात पाच जोडतारांच्या गिटारवरच्या कॉर्डना, म्हणजे एकत्र छेडायच्या स्वरसमूहांना, क्रमांक दिलेले होते: बारा मेजरच्या आणि बारा मायनरच्या. गाण्याखाली क्रमांक लिहा, त्या क्रमांकाची बोटं धरा आणि हात फिरवा. म्हणजे टॅब आणि कॉर्डचा तक्ता, इंटरनेटवरच्या गिटारशिक्षणाचे हे दोन्ही खांब चारशे वर्षांहून जुने आहेत.

मिलानच्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र वाटेत हरवली. त्याच्या आकड्यांच्या वर खुणा असत, आणि स्वर किती वेळ धरायचा ते त्या खुणांवरून कळे. १९९२ साली लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठातून ‘ओल्गा’ नावाचा गिटार-संग्रह सुरू झाला. जगभरच्या हौशी वादकांनी कानाने ऐकून उतरवलेली हजारो गाणी त्यात जमा झाली. संगणकाच्या साध्या टंकनात आडव्या रेघांच्या सहा ओळी काढायच्या आणि त्यांवर आकडे लिहायचे, हीच त्यांची पद्धत होती. वेळेची खूण त्या टंकनात लिहिणं अवघड होतं, म्हणून ती बहुतेक वेळा गळली. संगीत प्रकाशकांनी स्वामित्वहक्काच्या भंगाची नोटीस दिल्यावर २००६ साली ओल्गा बंद पडलं, पण लिहिण्याची ती रीत टिकली. आजही फुकट मिळणारी बहुतेक टॅब तशीच असतात. बोट कुठे ठेवायचं ते त्यांत असतं, केव्हा आणि किती वेळ ते नसतं. म्हणून या पुस्तकात मी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे: जे गाणं तोंडपाठ नाही, त्याचं टॅब उघडू नका. गाणं गुणगुणता आलं की आकड्यांत जीव येतो. नाहीतर ते नुसते आकडेच राहतात.

इंटरनेटच्या आधीच्या लोकांनी काय केलं, तेही आजच्या विद्यार्थ्याने जाणून घ्यावं. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यांचं शिक्षण बरंचसं गोव्यातून आलेल्या वादकांकडे होतं. गोव्याच्या चर्चशाळांतून मुलं लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकत. अशा शिक्षणातून घडलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक आणि संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले, आणि हिंदी गाण्यांच्या मागची सुरावट त्यांनी उभी केली. त्यांच्यापैकी कुणाकडे शिकवणी मिळाली तर भाग्य. नाही तर रेकॉर्डवरून उचलायचं. परदेशातले कितीतरी गिटारवादक मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी साडेसोळाच्या आसपास चालवून अवघड जागा ऐकत. गती निम्मी झाली की स्वरही सप्तकभर खाली जायचा, तरी निदान बोटांची चाल कळायची. आपल्याकडे कॅसेट आली तेव्हा तेच काम ती मागे-पुढे फिरवून होऊ लागलं. आज व्हिडिओचा वेग पाऊण किंवा अर्धा करता येतो आणि स्वर जागचा हलत नाही. ‘चुरा लिया है तुमने’ या १९७३ सालच्या गाण्यात भूपिंदर सिंगांची गिटार आहे. त्या गाण्याची सुरुवात मराठी घरातल्या गिटार हाती घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाला वाजवायची असते. ती आता अर्ध्या वेगाने, मूळ स्वरात, हवी तितक्या वेळा ऐकता येते. जुन्या वादकांना हे मिळालं असतं तर त्यांनी काय दिलं नसतं!

आता क्रमाबद्दल.

फेंडर या गिटार बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी सांगितलं होतं की, नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. ज्यांचा धंदाच गिटारी विकण्यावर चालतो त्यांच्या तोंडचं हे वाक्य आहे, म्हणून त्याला वजन आहे. माझ्यासमोर आलेल्या शिकणाऱ्यांमध्ये मला जे दिसलं, ते असं. मुलगा सोमवारी एका व्हिडिओवरून चार कॉर्ड शिकतो, मंगळवारी दुसऱ्या शिक्षकाचं ‘अगदी सोपं’ म्हणून दिलेलं गाणं उघडतो, बुधवारी कुणाचं तरी विजेसारखं सोलो बघून हरखतो, आणि शनिवारपर्यंत बोटं दुखतात व एकही गाणं धड वाजत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात, ते हेच. दोष मुलाचा नसतो. त्याला सगळंच एकदम मिळालं आहे आणि कुठून सुरू करायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

आणि तरीही क्रम लावून शिकवणारे शिक्षक इंटरनेटवर आहेत. टास्मानियात जन्मलेले आणि लंडनमध्ये राहून शिकवू लागलेले जस्टिन सँडरको यांनी २००३ साली आपली वेबसाइट सुरू केली. त्यांचा नवशिक्यांचा अभ्यासक्रम आजही फुकट आहे. इंग्रजी बऱ्यापैकी कळत असेल तर सुरुवात तिथूनच करा असं मी सांगते, कारण त्यांनी आधी काय आणि नंतर काय याचा फार बारकाईने विचार केला आहे. तो विचार कसा चालतो ते एका उदाहरणातून दाखवते. गिटार घेऊन बसा आणि करून बघा.

सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, सतारीच्या पडद्यांच्या जागी असतात तशा. डी कॉर्डसाठी तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आणि अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. आता ए कॉर्ड. बहुतेक पुस्तकांत ती तर्जनी, मधलं बोट, अनामिका अशी ओळीने दिलेली असते. सँडरको ती जरा वेगळी धरायला लावतात: मधलं बोट चौथ्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या तारेवर, अनामिका दुसऱ्या तारेवर, तिन्ही दुसऱ्याच फ्रेटला. बोटं थोडी अडचणीत येतात, पण हाताकडे नीट बघा. डीवरून एवर जाताना तर्जनी जागची हललीच नाही. अनामिकाही दुसरी तार न सोडता फक्त एक फ्रेट मागे सरकली. उचलून नवी जागा शोधावी लागली ती एकट्या मधल्या बोटाला. मग ई कॉर्ड घ्या: तर्जनी त्याच तिसऱ्या तारेवर एक घर मागे, पहिल्या फ्रेटला, आणि उरलेली दोन बोटं पाचव्या व चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. तिन्ही कॉर्डमध्ये तर्जनी एकाच तारेवर आहे. ती वाट दाखवते आणि बाकीची बोटं तिच्यामागे येतात. या तीन कॉर्डवर कितीतरी गाणी वाजतात.

यानंतर त्यांचा एक मिनिटाचा पाठ येतो. घड्याळ लावायचं, दोन कॉर्ड आलटून-पालटून धरायच्या आणि मिनिटात किती वेळा बदल झाला ते मोजून लिहून ठेवायचं. पहिल्या दिवशी आकडा फार लहान येईल. तो रोज थोडा वाढतो, आणि मिनिटाला साठच्या जवळ गेला की गाण्यात कॉर्ड बदलताना हात अडत नाही. या साध्या पाठाइतकी कामाची गोष्ट नवशिक्यासाठी दुसरी कुठली मला ठाऊक नाही. हात बसतो तो इथे. हा पाठ न करता गाण्यांमागे धावणारा प्रत्येक विद्यार्थी कॉर्ड बदलताना थांबतो, ताल मोडतो आणि मग आपल्याला संगीताचं अंगच नाही असं ठरवून मोकळा होतो. अंग सगळ्यांना असतं. बोटांना वळण लागलेलं नसतं, इतकंच.

क्रम लागला तरी वाद्यच नीट नसेल तर काय? या विषयावर पुस्तकात मी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे, कारण मागवलेली गिटार खोक्यातून निघते तेव्हा ती वाजवण्याजोगी आहे की नाही हे बघणारं घरात कुणी नसतं. पोलादी तारांच्या गिटारवर सहाही तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो. पातळ लाकूड तो ताण रात्रंदिवस सोसत असतं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात लाकूड ओल पितं, पोट फुगतं आणि तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्यात उलटं होतं: लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटांना टोचू लागतात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेच्या खाली किती जागा आहे ते पट्टीने मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. चार असेल तर तुमचा हात कितीही तयार असला तरी ती गिटार त्याला दुखवणारच.

याहून जास्त त्रास देणारी आणि क्वचितच तपासली जाणारी जागा म्हणजे मानेच्या टोकाची नट, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. स्वस्त गिटारींत या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात, आणि मग पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागतो. एफ ही कॉर्ड पहिल्याच फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून धरायची असते. बरेच लोक इथेच गिटार सोडतात आणि बोटांना दोष देतात. दोष बऱ्याचदा त्या खाचांचा असतो. वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर कानशीने त्या थोड्या खोल करतो आणि मिनिटांत सगळं बदलतं. मुंबईत धोबी तलावला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, फुर्ताडोसारखी काही तर एकोणिसाव्या शतकापासूनची. छोट्या शहरात तंबोरे-सतारी दुरुस्त करणाऱ्याकडे गेलात तरी चालेल. लाकूड आणि तार त्याला कळते. शक्य असेल तर गिटार दुकानात जाऊन, कुणा वाजवणाऱ्याला सोबत नेऊन घ्या. बोटं फारच कोवळी असतील किंवा वय झालेलं असेल तर नायलॉनच्या तारांची घ्या. तिच्यावर ताण बराच कमी असतो.

आता कानाकडे येते. मराठी विद्यार्थ्याकडे जी शिदोरी आधीच असते, ती इंटरनेटवरचा कुठलाच परदेशी शिक्षक मोजत नाही. आपल्याकडे ज्या घरात कुणी थोडंफार गातं, त्या घरातल्या मुलाला सा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. त्याला ‘काळी चार’ आणि ‘पांढरी पाच’ कळते. गिटारवर हेच ज्ञान कॅपो नावाच्या चिमट्याने लगेच कामाला येतं. गाणारी मावशी म्हणाली, मी काळी चारमध्ये गाते. पेटीची काळी चार म्हणजे इंग्रजी नावाने जी शार्प. तर मग जीच्या कॉर्ड शिकलात तेवढ्याच पुरतात: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जीची बोटं धरा. तिला काळी एक हवी असेल तर सीची बोटं आणि कॅपो पहिल्यावरच. काळी दोन असेल तर डीची. पट्टी बदलली म्हणून नव्या कॉर्ड शिकाव्या लागत नाहीत. या पुस्तकाच्या शेवटी मी पेटीच्या सगळ्या पट्ट्यांचा आणि कॅपोचा तक्ता दिला आहे. घरात भजन म्हणणारं कुणी असेल त्याने तो आधी पाहावा.

याच कानाला एका जागी खटकेल, आणि ते आधीच सांगून ठेवते. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा जो गंधार आपल्या कानात बसलेला असतो, त्यापेक्षा गिटारचा गंधार किंचित चढा असतो. सेंटच्या मापात, म्हणजे एका सप्तकाचे १२०० भाग केले तर त्यांतले सुमारे १४ भाग. कारण गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली सांगितलेला नियम होता की उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा आणि पुढचा फ्रेट ठोका. आज तो आकडा १७.८१७ धरतात. ६५० मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट ३६.५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर. अशा वाटणीत कुठलीही पट्टी सारखीच वाजते, पण कुठलाच गंधार तंबोऱ्याइतका गोड लागत नाही. तयार कानाचा विद्यार्थी जी कॉर्ड वाजवतो, दुसरी तार त्याला चढी लागते, तो ती जराशी उतरवतो. जी गोड होते. मग ई धरतो तर तीच तार आता पंचमाच्या जागी असते आणि बेसूर लागते. कान बिघडला असं समजू नका. गिटार सगळ्या पट्ट्यांशी थोडी थोडी तडजोड करून बसलेली आहे. मोबाइलमधला ट्यूनर दाखवतो तिथे तारा लावा आणि पुढे चला. पण ट्यूनरवर सर्वस्वी विसंबू नका. पाचव्या फ्रेटला दाबलेली सहावी तार मोकळ्या पाचवीशी जुळते, अशी एकेक तार कानाने मिळवून मग ट्यूनरने तपासा. मिळवणीत एकच जागा वेगळी: तिसरी तार चौथ्या फ्रेटला दाबून दुसरीशी मिळवायची.

लयीचंही तसंच. इंग्रजी व्हिडिओत स्ट्रमिंग शिकवताना हात वर-खाली कसा न्यायचा यावर मिनिटंच्या मिनिटं जातात. केहरव्याच्या आठ मात्रा हातावर टाळी देत म्हणता येणाऱ्याला चार ‘खाली’ आणि चार ‘वर’ समजायला वेळ लागत नाही: सम खाली, पुढची मात्रा वर, आणि हात थांबवायचाच नाही. एखादी मात्रा वाजवायची नसेल तर हात फिरवायचा, तारेला लावायचा नाही. दादऱ्यासाठी सहा मात्रांचा हात लागतो आणि तो बहुतेक पाठमाला फार उशिरा शिकवतात. मराठी भावगीतांना आणि लोकगीतांना तो पहिल्या तीन महिन्यांतच लागतो, म्हणून या पुस्तकात मी तो लवकर आणला आहे.

मराठी गाण्यांच्या कॉर्ड शोधताना सावध राहा. इंटरनेटवर त्या भरपूर आहेत, पण प्रत्येक पान म्हणजे कुणा एकाने एकदा ऐकून लिहिलेलं असतं. तपासायची सोपी रीत आहे. गाण्याचं ध्रुवपद संपतं तिथे थांबा, सा गुणगुणा, गिटारवर तो सा शोधा. त्या सावर उभी असलेली कॉर्ड त्या जागी दिलेली नसेल तर पानावर संशय घ्या. आणि सगळी गाणी कॉर्डमध्ये मावतील अशी अपेक्षा ठेवू नका. बिलावल किंवा खमाजच्या अंगाची गाणी गिटारवर सहज बसतात. भैरवाच्या किंवा तोडीच्या अंगाच्या गाण्यांना कॉर्डची साथ देणं जाणकारालाही अवघड जातं. पहिल्या वर्षी ती नुसती ऐकावीत. इंटरनेटवर ‘गिटारवर शास्त्रीय संगीत’ असं शोधलंत तर ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट समोर येतील. ते जरूर ऐका, फार मोठं काम आहे. पण ती मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूची कांडी सरकवत वाजवायची गिटार आहे. तुमच्या हातातल्या वाद्याचं तंत्र निराळं.

राहिला ऐकणारा कान. व्हिडिओतला शिक्षक कितीही चांगला असला तरी तुमचं मनगट त्याला दिसत नाही. तुमची अनामिका दुसऱ्या तारेला नकळत टेकते आहे आणि म्हणून ती तार मुकी वाजते आहे, हे त्याला ऐकू येत नाही. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, आठवड्यातून एकदा मोबाइलवर स्वतःचं वाजवणं ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर बोटांचे कष्टच आठवतात, सूर ऐकू येत नाही. दुसरा उपाय, महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसासमोर बसा. तो शेजारच्या गल्लीतला शिक्षक असेल, कॉलेजातला मित्र असेल, नाहीतर चर्चमध्ये वाजवणारं कुणी. गाव लहान असेल आणि व्हिडिओ कॉलवरच शिकवणी घ्यावी लागली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आवाज पोहोचायला वेळ लागतो, म्हणून दोघांनी एकत्र वाजवायचा प्रयत्न करू नका; एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. आणि असे कार्यक्रम गोंगाट गाळताना गिटारचा आवाजही गाळतात. झूमवर संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती चालू करा. शिक्षकाला तुमची गिटार पहिल्यांदा नीट ऐकू येईल.

पुस्तक कसं वापरायचं ते थोडक्यात. प्रकरणं ओळीने घ्या, गाळू नका. रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण बोटांच्या टोकांना घट्टे पडायला आणि हाताला जागा लक्षात राहायला रोजचीच सवय लागते. व्हिडिओंचा अभ्यासक्रम एकच निवडा आणि तो संपेपर्यंत दुसरा उघडू नका. गिटार पिशवीत घालून ठेवू नका. भिंतीला टेकवून, हाताशी येईल अशी ठेवा, फक्त उन्हात आणि पंख्याच्या थेट वाऱ्यात नको. डाव्या हाताची नखं कापलेली असू द्या. बोटं पहिले काही आठवडे दुखतील, ते स्वाभाविक आहे. मनगट दुखलं तर मात्र थांबा, कारण मनगट दुखणं म्हणजे धरण्यातच काहीतरी चुकतं आहे.

एक विनंती करून थांबते. पहिलं गाणं पुरतं वाजू लागलं, अगदी डी, ए आणि ई या तीन कॉर्डचं का असेना, की घरातल्या कुणाला तरी ते म्हणायला सांगा आणि त्याला साथ करा. तो अडखळला तर तुम्ही थांबू नका, लय धरून ठेवा. गाणारा पुन्हा येऊन मिळेल. आणि या पुस्तकातला एखादा तक्ता चुकलेला वाटला किंवा एखादा पाठ अवघड गेला, तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त करीन.